प्राणवायूची खोली घ्यावी का?

प्रश्न : येत्या जूनमध्ये आमच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त मुलाने पेरू देशातील कुस्को शहरात, एका जुन्या ख्रिस्ती विद्यालयाच्या वास्तूत थाटलेल्या आलिशान हॉटेलात चार रात्रींचे आरक्षण करण्याचे ठरवले आहे. लिमाहून विमानाने थेट कुस्को, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून माचू पिचू पाहून रात्री परत, असा बेत आहे. तेथे जादा पैसे भरल्यास खोलीत प्राणवायू सोडतात म्हणे. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण ते दर रविवारी सिंहगड चढतात आणि त्यांच्या मते हा निव्वळ श्रीमंती चोचला आहे. मुलाचे म्हणणे असे, की एवढे भाडे देतोच आहोत तर हेही घ्या, म्हणजे त्रासाचा प्रश्नच उरणार नाही. कोणाचे ऐकावे?
एक वाचिका, पुणे

उत्तर : आपल्या यजमानांचे चुकते आहे आणि चिरंजीवांचेही, फरक इतकाच, की चिरंजीवांची चूक अधिक महाग पडणारी आहे.

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर. कळसूबाईच्या माथ्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी कुस्कोच्या मुख्य चौकात पोचायला शंभरेक मीटर कमी पडतात, कारण ते शहर सुमारे ३,४०० मीटरवर वसले आहे. शिवाय तेथे आपण चढत जात नाही. लिमाच्या समुद्रकाठावरून विमान सव्वा तासात आपल्याला वर आणून सोडते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही २१ टक्केच असते, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास उतरलेला असल्यामुळे प्रत्येक श्वासात हाती लागणारा प्राणवायू त्याच हिशेबाने घटतो. डोके ठणकणे, अन्नावरची वासना उडणे, मळमळणे हा त्रास साधारणपणे पोचल्यावर सहा ते बारा तासांत, म्हणजे पहिल्याच रात्री सुरू होतो, आणि तो कोणाला होईल हे पायांतल्या बळावरून सांगता येत नाही. उलट, धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी उत्साहाने चढण चढतो आणि जास्त भोगतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. मीही त्यांतलाच एक. पहिल्या खेपेस दुपारी उतरलो आणि संध्याकाळीच सान ब्लास भागाची दगडी चढण चढून आलो. रात्री पत्नीने मला तीनदा हलवून जागे केले, कारण झोपेत माझा श्वास काही सेकंद पार थांबत होता आणि मग धापा टाकल्यासारखा पुन्हा सुरू होत होता. उंचीवरच्या झोपेत असे पुष्कळांचे होते आणि एरवी ते धोक्याचे नसते, पण शेजारी जागणाऱ्या माणसाच्या जिवाचे काय होते ते आमच्या घरी विचारावे.

आता प्राणवायूच्या खोलीविषयी. हा चोचला नव्हे. श्वसनशास्त्राचे अभ्यासक जॉन वेस्ट यांनी या विषयावर बरेच काम केले असून, खोलीच्या हवेतील प्राणवायू एका टक्क्याने वाढवला की शरीराच्या दृष्टीने ती खोली सुमारे ३०० मीटर खाली येते, असा त्यांचा हिशेब आहे. म्हणजे २१ टक्क्यांचे २४ टक्के केले तर कुस्कोत झोपलेल्या माणसाला अडीच हजार मीटरवर झोपल्यासारखे वाटेल. झोप चांगली लागते, सकाळी डोके हलके असते. परंतु हा लाभ दार बंद असेपर्यंतच. न्याहारीसाठी अंगणात पाऊल टाकले की आपण पुन्हा ३,४०० मीटरवर, आणि रात्रभर उसन्या हवेत राहिल्याने शरीराला मूळ उंचीची सवय तेवढी कमीच झालेली. म्हणून आरामासाठी ही सोय अवश्य घ्यावी. ती घेतली म्हणजे त्रासाचा प्रश्न मिटला, असे मात्र समजू नये.

खरा उपाय बेत उलटा करण्यात आहे, आणि त्याला जादा पैसे पडत नाहीत. माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली, सुमारे २,४३० मीटरवर आहे. उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यातील उरुबाम्बा आणि ओयांताय्ताम्बो ही गावे २,८०० ते २,९०० मीटरच्या दरम्यान आहेत आणि तेथेही उत्तम हॉटेले आहेत. विमानतळावर उतरताच मोटारीने खोऱ्यात जावे, दोन रात्री तेथे काढाव्यात, ओयांताय्ताम्बोहून आगगाडीने माचू पिचू पाहावे आणि शेवटच्या दोन रात्रींसाठी कुस्कोला यावे. वाटेत चिंचेरोपाशी रस्ता कुस्कोहूनही वर, ३,७०० मीटरच्या पुढे जातो. तेथे छायाचित्रांसाठी फार वेळ रेंगाळू नये, इतकेच पथ्य.

या क्रमाचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. आपल्या वर्णनावरून ते हॉटेल मोनास्टेरियो असावे. सान अँटोनियो अबाद या धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाची ती वास्तू. १६५० च्या भूकंपात तिचे नुकसान झाले आणि ती पुन्हा उभी राहिली. कमानींनी वेढलेले अंगण, मधोमध जुना देवदार, सोनेरी वेदी असलेले प्रार्थनागृह, भिंतींवर कुस्को शैलीची चित्रे. दारातून बाहेर पडून दहा मिनिटे चालले, की हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा प्रसिद्ध दगड. इंका गवंड्यांनी चुना वा माती न वापरता बसवलेल्या त्या चिऱ्यांच्या सांध्यात नखही शिरत नाही, आणि त्याच भिंतींवर स्पॅनिश लोकांनी आपले वाडे चढवले. हे सारे सावकाश पाहण्याजोगे आहे. एवढे भाडे भरून पहिल्या दोन रात्री डोक्याला उपरणे बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहण्यापेक्षा, शरीर रुळल्यावर तेच पैसे खर्चणे शहाणपणाचे नव्हे काय?

आरक्षण करताना खोली तळमजल्यावर आणि अंगणाच्या बाजूस मागावी. जुन्या वास्तूतील वीस पायऱ्याही पहिल्या दिवशी पुरेशा असतात. जून हा तेथे हिवाळा, रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, तेव्हा खोली कशाने तापवतात तेही विचारावे. २४ जूनला इंती रायमी हा सूर्योत्सव असल्याने त्या आठवड्यातील खोल्या लवकर संपतात. पारपत्र व प्रवेशाची नोंद दाखवणाऱ्या परदेशी प्रवाशांना पेरूत हॉटेल भाड्यावरील १८ टक्के कर माफ असतो; बिलात तो धरलेला नाही ना, ते पाहावे. यजमानांच्या डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वी महिनाभर आधी घ्यावा. उंचीसाठी दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी लघवीचे प्रमाण वाढवते, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळीशी तिचा मेळ पाहावा लागतो, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तेही सांगावे. स्वस्थ बसूनही धाप लागली, किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर प्राणवायूच्या खोलीत वाट पाहत न बसता तातडीने डॉक्टर गाठावा आणि खाली उतरावे.

जाता जाता एक घरगुती सूचना. चिवड्याची पाकिटे तेथे उशीसारखी फुगतात, ती बॅगेत कपड्यांपासून वेगळी ठेवावीत. आणि पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळत असल्याने खोलीतल्या किटलीचा चहा फिका होतो, त्यात हॉटेलचा दोष नाही.

प्रश्न : कुस्कोच्या हॉटेलांत स्वागतालाच कोकाच्या पानांचा चहा देतात. त्याने उंची बाधत नाही, हे खरे का? त्याची पाकिटे नातेवाइकांना भेट म्हणून आणावीत का?
एक वाचक, ठाणे

उत्तर : हा चहा पेरूत कायदेशीर आहे, चवीला गवती चहाच्या जवळ जातो आणि गरम पेय म्हणून बरा वाटतो, त्याने उंचीचा त्रास टळतो हे मात्र सिद्ध झालेले नाही. पाकिटे मुळीच आणू नयेत. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचे पान येते, आणि अमेरिकेत विमान बदलणार असाल तर तेथेही ते चालत नाही.

प्रश्न : वयस्कर आईवडिलांसाठी लेह येथे मध्यवर्ती प्राणवायू आणि उष्णतेची सोय असलेले महागडे हॉटेल घेतले आहे. मुंबईहून विमानाने निघून तिसऱ्या दिवशी नुब्रा, असा बेत आहे. तो योग्य आहे का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : लेह सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे कुस्कोहूनही किंचित उंच आहे आणि तेथे कुस्कोसारखी पळवाट नाही. नुब्रा खोरे लेहपेक्षा खाली आहे खरे, पण तेथे जाण्याचा नेहमीचा रस्ता ५,३५९ मीटरवरील खारदुंग ला ओलांडून जातो. वेळ असेल तर श्रीनगरहून मोटारीने निघून कारगिलला, सुमारे २,६७० मीटरवर, मुक्काम करत यावे. विमानानेच जायचे असेल तर पहिले दोन दिवस हॉटेलातच काढावेत, तिसरा दिवस गावातला राजवाडा खालूनच पाहण्यात आणि बाजारात घालवावा आणि नुब्राला चौथ्या दिवसाआधी निघू नये. हॉटेल महागडे घेतल्याचे सार्थक या बसून काढलेल्या दोन दिवसांतच आहे : उबदार खोली, वेळेवर पातळ भात, हाकेला माणूस. न्हाणीघरातील टबाचा मोह तेवढा टाळावा. वर्षाकाठी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गावात टबभर पाणी बऱ्याच दुरून, बर्फातून किंवा जमिनीच्या पोटातून आलेले असते.