कार्यहानी की कार्यलोप?

प्रश्न असा आहे: आनुवंशिक आजारांवरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘लॉस ऑफ फंक्शन म्युटेशन’ला, म्हणजे जनुकाचं काम थांबवणाऱ्या किंवा घटवणाऱ्या बदलाला, ‘कार्यहानी उत्परिवर्तन’ म्हटलं तर चालेल का?

चूक नाही, पण मी ‘कार्यलोपी उत्परिवर्तन’ लिहीन.

संस्कृतात ‘हानि’ म्हणजे सुटून जाणं, उणं होणं. आजच्या मराठीत मात्र हानी म्हटली की नुकसानच डोळ्यांपुढे येतं: जीवितहानी, वित्तहानी, मानहानी. जनुकाचं काम थांबलं म्हणजे माणसाचं नुकसान झालंच, असं नसतं. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल उचलून घेणारे ग्राही (रिसेप्टर) असतात. त्यांच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी निकामी झाली, तरी ग्राही अपुरे पडतात, कोलेस्टेरॉल लहानपणापासूनच चढं राहतं आणि हृदयविकार लवकर गाठतो. आता पीसीएसके-९ हे दुसरं जनुक घ्या. त्याचं प्रथिन याच ग्राहींना धरून पेशीच्या आत नेतं आणि तिथे त्यांचा निकाल लागतो. हे जनुक बंद पडलं तर ग्राही टिकतात, कोलेस्टेरॉल उतरतं, हृदयविकाराचा धोका घटतो. काम दोन्हीकडे गेलं. रोग एकीकडेच आला. दुसऱ्याला ‘हानी’ म्हणायला माझी तरी लेखणी धजत नाही. (गंमत अशी की पीसीएसके-९ आधी २००३ मध्ये उजेडात आलं ते उलट्या, म्हणजे काम वाढवणाऱ्या उत्परिवर्तनांमुळे, आणि त्यांनी कोलेस्टेरॉल वाढतं. त्यांना ‘कार्यवृद्धी’ म्हणावं.)

‘लोप’ हा तर व्याकरणातला मुरलेला शब्द. पाणिनी म्हणतो, ‘अदर्शनं लोपः’. जे असायला हवं ते न दिसणं म्हणजे लोप. बरं-वाईट त्यात काही नाही. जनुकाच्या बाबतीत बहुतेकदा हेच घडतं: जनुक गुणसूत्रावर जागच्या जागी असतं, पण त्याचं प्रथिन दिसत नाही, किंवा दिसलं तरी कामाचं नसतं. हे कसं घडतं, त्याचा एक नमुना: जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. ‘रमण सहज हसत’ यातला एक ‘म’ गाळा, की ‘रणस हजह सत’ उरतं. अक्षर एकच गेलं, पण पुढचा सगळा मजकूर बिघडला.

काम अर्धवट उरलं असेल तर ‘अंशतः कार्यलोपी’ म्हणता येईल. हा भेद जुना आहे. आनुवंशशास्त्रज्ञ हर्मन म्युलरने १९३२ मध्येच पूर्ण लोपाला ‘अमॉर्फ’ आणि अंशतः लोपाला ‘हायपोमॉर्फ’ अशी नावं दिली होती.

अनुवादात आणखी एक जागा सांभाळा. कार्यलोप झाला की रोग झाला, अशी वाक्यरचना करू नका. अल्काप्टोन्युरिया या आनुवंशिक आजारात लघवी हवेत राहिली की काळी पडते, पण त्यासाठी दोन्ही प्रती निकामी असाव्या लागतात. एकच निकामी असलेला माणूस निरोगी असतो, फक्त वाहक असतो. वर ग्राहींच्या बाबतीत मात्र एका प्रतीनेच घात केला. म्हणून ‘एका प्रतीचा कार्यलोप’ की ‘दोन्ही प्रतींचा’, हे प्रत्येक वेळी लिहा. आणि नुसतं ‘जनुकाचा लोप’ लिहू नका. त्याने जनुकच गळून गेल्याचा अर्थ होतो, ती वेगळी घटना आहे.