साइन लहरी मिळवून केलेला तानपुरा ऑर्गनसारखा का वाजतो?

तुमचा प्रश्न असा: काळी एक पट्टीतल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या) तारेचे २० हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या पटीतले सूर) साइन लहरींनी बनवले, एकत्र मिळवले, तरी ऐकू येतो ऑर्गन. चूक कुठे?

वारंवारिता बरोबर आहेत. ६९.३ हर्ट्‌झच्या पटीत १३८.६, २०७.९, २७७.२, आणि पाचवा ३४६.५, म्हणजे तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार. चुकतंय ते लहरीच्या उंचीत, म्हणजे तिच्या जोरात. प्रत्येक लहरीला तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच उंची दिलीत. ऑर्गनचा लांबवलेला सूर नेमका तसाच असतो. छेडलेल्या तारेत प्रत्येक हार्मोनिक आपापल्या वेळी चढतो आणि विरतो.

तानपुऱ्यात तर छेडलेल्या तारेचं पुस्तकातलं सूत्रही चालत नाही. तार मधोमध छेडली तर सम क्रमांकाचे हार्मोनिक उमटू नयेत, असं ते सूत्र सांगतं. तानपुऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात. छेडण्याच्या जागेचा हा नियम इथे मोडतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडलं होतं. कारण घोडीचा (तार जिच्यावर टेकते तिचा) माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. त्यावर तार टेकत-सुटत राहते आणि खालच्या हार्मोनिकांची ऊर्जा वरच्यांत जाते. जवारी म्हणतात ती हीच, आणि तार आणि घोडी यांच्यामधला दोरा जरा सरकवला की ती बदलते.

म्हणून सूत्र सोडा आणि मोजा. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्याची एकच तार छेडून, बाकीच्या हाताने दाबून ठेवून, ती विरेपर्यंत रेकॉर्ड करा. स्पेक्ट्रोग्राममध्ये (कोणत्या वेळी कोणती वारंवारिता किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) ०.१, ०.३, ०.६, १, २ आणि ४ सेकंदांना प्रत्येक हार्मोनिकची पातळी वाचा आणि ते बिंदू जोडून त्याचा चढउतार काढा. इथे दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या सॅम्पलिंगला २०४८ नमुन्यांची हान खिडकी (एका वेळी मोजायचा, कडांना विरत नेलेला तुकडा) घेतली तर प्रत्येक शिखर सुमारे ८६ हर्ट्‌झ रुंद होतं आणि ६९ हर्ट्‌झ अंतरावरचे शेजारी एकमेकांत मिसळतात. खर्जाला ४०९६ घ्या. दुसरं, डेसिबलचे आकडे थेट उंची म्हणून वापरू नका: −६ म्हणजे निम्मी, −२० म्हणजे एक दशांश.

बेरीज करताना क्लिपिंग (१ च्या मर्यादेपलीकडे गेलेली लहर कापली जाणं) सांभाळा. १, १/२, १/३ अशा २० उंचींची बेरीज ३.६ होते, तेव्हा सगळ्यांना ०.२५ ने गुणा. क्लिपिंगमुळे नवेच हार्मोनिक तयार होतात आणि तो फाटलेला आवाज जवारीसारखा भासतो.

जोडीच्या (एकाच षड्जात लावलेल्या दोन) तारांसाठी एकाच ट्रॅकची नक्कल केलीत तर आवाज फक्त मोठा होईल. एक १३८.६ ला आणि दुसरी १३८.८ ला ठेवा: मूळ सुरात पाच सेकंदांनी एक डोल (आवाजाचा चढउतार) येतो, दहाव्या हार्मोनिकमध्ये सेकंदाला दोन. जोडीचा सूर जिवंत वाटतो तो या वेगवेगळ्या डोलांमुळे.