मटण सोडलं, पण दूध सुटत नाही. घरचे म्हणतात दुधात कसली हिंसा. लातूरसारख्या ठिकाणी राहून व्हीगन, म्हणजे मांस-दूध असं जनावराचं काहीच न खाणारं, होता येतं का?

होता येतं. जवारीची भाकर, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी, वरून करडईचं तेल. आपलं रोजचं ताट जवळजवळ व्हीगनच आहे, त्यामुळे पोट कसं भरायचं हा प्रश्न मला कधी मोठा वाटला नाही. पण 'दुधात कसली हिंसा' हे तुमच्या घरच्यांचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. लग्न झाल्यापासून मी ते ऐकतेय.

माझं माहेर धाराशिव जिल्ह्यातलं, खाणाऱ्यांचं. दारात उस्मानाबादी शेळ्या, पाव्हणे आले की मटण. सासर औसा तालुक्यातलं, माळकऱ्यांचं. सासरे, थोरले दीर, सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, रोज संध्याकाळी हरिपाठ, आषाढीला वारी. पहिल्याच दिवाळीला भाऊजी चारचौघांत म्हणाले, "तुमच्याकडं जीव मारून खातेत, आमच्यात तसलं चालत नाही." नवी सून काय बोलणार? मी वाढत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात घरची एक म्हैस व्याली. टोणगा झाला, म्हणजे नर. वगार झाली असती तर सासूबाई गावभर सांगत फिरल्या असत्या, टोणगा म्हटल्यावर नुसतं "बरं" म्हणाल्या. चिकाचा खरवस झाला, शेजारीपाजारी वाटला. नंतर टोणग्याला कासेला लावायचं ते फक्त पान्हा फुटेपर्यंत. त्याच्या तोंडाला फेस आला की ओढून खुंट्याला बांधायचं. म्हैस मान वळवून त्याच्याकडं बघायची आणि धार बादलीत पडत राहायची. वगारीसाठी एक सड राखतात, कारण ती उद्या दूध देणार असते. टोणग्यासाठी कोण राखणार? पूर्वी रेडा मोटेला, गाड्याला जुंपायचे. आता शेतात ट्रॅक्टर आहे, म्हशी डॉक्टरच्या सुईनं गाभण राहतात, त्याला कामच उरलेलं नाही.

दुपारी गोठ्यात कुणी नसलं की मी त्याला कण्यांची पेज पाजायचे. सासूबाईंना कळलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कशाला जीवाला लावून घ्यायलीस, ते जगत नसतंय." खरंच जगला नाही. वाळत गेला, हगवण लागली, एका पहाटे आडवा झाला तो उठलाच नाही. त्या दिवशी म्हैस पान्हा सोडेना, तेव्हा तिच्यापुढं पेंडीची पाटी ठेवून, कास चोळून चोळून दूध काढलं आणि वेळेवर डेअरीला घातलं.

मी भाऊजींना विचारलं, हा जीव कुणी मारला? ते म्हणाले, "कुणी हात तरी लावला का त्याला? त्याचं आयुष्यच तेवढं."

याच घरात लेकरांना ज्ञानेश्वर माउलींची गोष्ट सांगतात, पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची. त्याच पैठणच्या एकनाथ महाराजांनी रामेश्वराला न्यायचं कावडीतलं गंगेचं पाणी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, हीही सांगतात. या गोष्टींवर माझी श्रद्धा भाऊजींपेक्षा तसूभरही कमी नाही, म्हणून तर संताप होतो. ज्या जनावराच्या मुखातून वेद आला असं आपण मानतो, त्याच्या पिलाला स्वतःच्या आईचं दूध मिळत नाही. मग कसली अहिंसा? सुरी हातात घेतली नाही म्हणून मरण आपल्या हातून झालं नाही, हे मला मान्य नाही.

आणि म्हैस तरी कुठं सुटते? आटली, परत गाभण राहीना, की हाळी-हंडरगुळीसारख्या बाजारात जाते. आपल्या राज्यात गाय कापायला १९७६च्या कायद्यानं बंदी आहे, २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्या बंदीत नाही. भाकड म्हशीला पैसे मोजणारा व्यापारी तिला दावणीला बांधून कडबा घालायला नेत नाही, हे विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. कापणाऱ्याला पाप लागतं आणि विकणाऱ्याला लागत नाही, असं मला कुठल्या अभंगात सापडलेलं नाही. इंग्लंडात १९४४ साली व्हीगन सोसायटी काढली ती शाकाहारी लोकांनीच. मांस नको म्हणायचं आणि दूध प्यायचं, हे त्यांना पटेना. मला हे फार उशिरा कळलं, पण वाचलं तेव्हा वाटलं की आमच्या गोठ्यात बसूनच ठरवलंय.

मग मटणाचं काय, हे भाऊजींनी विचारलंच. बरोबर विचारलं. दुधावर तोंड उघडायचं तर माहेरी जाऊन रश्श्याची वाटी पुढं ओढता येणार नव्हती. शेळी पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी होतात. मादी राखायची, बोकड विकायचा. टोणगा काय आणि बोकड काय, नर म्हणून जन्मला इथंच त्याचं ठरतं. पण माझ्या माहेरचे लोक "कापला" असं तोंडानं म्हणतात, आणि बोकड आईला पिऊन वाढलेला असतो. या दोन घरांत मला माहेरच जास्त खरं वाटतं. तरी मटण सोडलं. वजडीची आठवण बरेच दिवस येत राहिली, मग गेली.

दूध चिवट आहे, कारण ते चहातून येतं आणि आपल्याकडं चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणणं. त्यामुळे दारात पाऊल ठेवतानाच "मला कोरा" असं सांगायचं, चहा उकळल्यावर नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, अंबिलीत ताक असतं. मी जवारीचं पीठ आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवते, ते आपोआप आंबतं. सकाळी शिजवून लसूण, जिरं, मीठ घातलं की अंबील होते, माझं मडकं वेगळं. दह्यासाठी शेंगदाण्याचं दूध काढा. त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकले तरी विरजण लागतं. सोयाबीन आपल्या भागात पोत्यांनी पिकतं आणि सगळं बाजारात जातं, घरात कुणी शिजवत नाही. भिजवून उकळत्या पाण्यात वाटलं तर कच्चट वास कमी होतो. गाळल्यावर नीट उकळा, कच्चं पिऊ नका. बी १२ची गोळी मात्र घ्यावीच लागते, ते झाडपाल्यातून मिळत नाही. हातापायाला मुंग्या यायची वाट न बघता रक्त तपासून घ्या.

सत्यनारायणाचं तीर्थ मी आजही हातावर घेते. त्यात दूध असतं, माहीत आहे. देवासमोर भांडायचं नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. लेकीवरही जबरदस्ती केलेली नाही.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं मी गोठा आणि जमीन असलेल्या घरांबद्दल बोलतेय. दुष्काळात दोन शेळ्या विकून लेकरांची फी भरणाऱ्या बाईला मी कधी शिकवायला गेले नाही, जाणारही नाही. ज्यांच्याकडून गावानं पिढ्यान्‌पिढ्या मेलेली ढोरं ओढून घेतली आणि तेच मांस खायची वेळ त्यांच्यावर आणली, त्यांच्या ताटाकडं बोट दाखवायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही. व्हीगन होऊन पुन्हा कुणाला तरी खालचं ठरवायचं असेल तर कृपा करून मटणच खा.

घरच्यांशी मात्र बोला, आणि तेही गोठ्यात उभं राहून. तुमच्याकडं म्हशी असतील तर आजवरचे टोणगे कुठं गेले, ते विचारा. दूध बंद करा म्हणाल तर कुणी ऐकणार नाही, डेअरीच्या पगारावर घर चालतं. वासराच्या वाटणीचं मागा. कासेला चार सड असतात, त्यातले दोन वासराचे, मग ती वगार असो की टोणगा. आमच्याकडं आता टोणग्यालाही एक सड सोडतात. दुसऱ्यावरून भाऊजींचं आणि माझं अजून चालूच आहे. ते म्हणतात परवडत नाही. मी म्हणते, परवडत नसेल तर एक म्हैस कमी करा.