वाचक विचारतात : खाऱ्या पाण्याच्या तलावात क्लोरीन टिकत का नाही?

प्रश्न : अलिबागजवळच्या आमच्या घरी ८ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असा जलतरण तलाव आहे. मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र त्याला बसवले असून त्याची क्षमता ताशी १५ ग्रॅम आहे. पावसाळाभर तलाव उघडाच होता. दसऱ्याच्या सुमारास यंत्र ‘मीठ कमी’ अशी सूचना देऊ लागले, म्हणून २५ किलोची चार पोती मीठ घातले. आता यंत्रावर मीठ ३,२०० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) दिसते, निर्मिती ७० टक्क्यांवर ठेवली आहे आणि पंप दिवसाचे आठ तास चालतो. तरीही संध्याकाळी पाणी तपासले तर नळीत पिवळा रंग जेमतेम येतो आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यांत शेवाळ धरू लागले आहे. विक्रेता म्हणतो, सेल (यंत्रातला क्लोरीन तयार करणारा धातूच्या पट्ट्यांचा भाग) गेला, नवा घ्या. हा खर्च करावा का?

उत्तर : एवढ्यात करू नये. आपण दिलेल्या माहितीवरून सेल बिघडला असल्याचे दिसत नाही. पावसाने आपल्या तलावातून दोन गोष्टी वाहून नेल्या आणि त्यांपैकी एकच आपण परत घातली, असे दिसते.

अलिबागच्या पट्ट्यात एका पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्या तलावाच्या खोलीपेक्षाही जास्त पाणी त्याच्यावर कोसळते आणि तेवढेच काठावरून किंवा निचऱ्याच्या नळीतून बाहेर जाते. या पाण्याबरोबर मीठ गेले, ते यंत्राच्या लक्षात आले, कारण पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून ते मिठाचा अंदाज घेते. परंतु मिठाबरोबर सायन्युरिक ॲसिडही गेले असणार. दुकानदार ज्याला नुसते ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात तेच हे, क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे द्रव्य, आणि ते मोजण्याची सोय आपल्याकडच्या घरगुती यंत्रांत नसते. त्यामुळे यंत्र ‘सर्व ठीक’ म्हणत राहते आणि पाणी मात्र उघडे पडते. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यातला क्लोरीन भर उन्हात अर्ध्यापाऊण तासात निम्म्यावर येतो, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्याचा निम्मा होतो. ऑक्टोबरच्या उन्हात संध्याकाळपर्यंत काही शिल्लक राहिले तरच नवल.

यंत्रावरचे ७० टक्के म्हणजे पाण्यातला क्लोरीन नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण निम्मे घोटाळे तेथूनच सुरू होतात. तो आकडा यंत्र किती वेळ काम करते एवढेच सांगतो. आपल्या तलावात साधारण ५०,००० लिटर पाणी मावते. ताशी १५ ग्रॅमप्रमाणे आठ तास आणि त्याचे ७० टक्के, असा हिशेब केला तर दिवसाला ८४ ग्रॅम क्लोरीन तयार होतो. तो ५०,००० लिटरमध्ये वाटला की लिटरमागे १.७ मिलिग्रॅम, म्हणजेच १.७ पीपीएम पडतो. स्टॅबिलायझर योग्य असलेल्या तलावातही कडक उन्हाच्या दिवशी २ ते ४ पीपीएम क्लोरीन सहज खर्च होतो. तेव्हा सेल अगदी नवा आणला तरी या वेळापत्रकात जमेपेक्षा खर्चच जास्त राहील. तोच सेल १०० टक्क्यांवर १२ तास चालवल्यास हीच जमा ३.६ पीपीएम होते.

आता करायचे काय, ते क्रमाने सांगतो, कारण येथे क्रमाला महत्त्व आहे. प्रथम स्टॅबिलायझर मोजावे. त्याची चाचणी सोपी आहे : तलावातले पाणी आणि सोबतचा द्रव समप्रमाणात मिसळला की मिश्रण दुधाळ होते, ते तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतत राहायचे आणि वरून पाहताना ठिपका ज्या खुणेला दिसेनासा होईल तो आकडा वाचायचा. नळी काठोकाठ भरली आणि ठिपका तरीही स्वच्छ दिसत असेल, तर माझा अंदाज बरोबर आहे असे समजावे. ही चाचणी सूर्याकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीवर धरून करावी. घरात दिव्याखाली केली तर आकडा फसवा येतो.

त्याच वेळी क्लोरीन मोजण्याची पद्धतही बदलावी. पिवळा रंग देणारे थेंब एकूण क्लोरीन दाखवतात. त्यातला कामाचा, मोकळा क्लोरीन किती आणि घाम-लघवीतल्या नायट्रोजनशी बांधला गेलेला किती, हे त्यावरून कळत नाही. गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी दोन्ही वेगळे दाखवते. तिचीही एक खोड आहे : क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी छटा क्षणभर चमकून नाहीशी होते आणि पाणी पुन्हा नितळ दिसते. ती छटा नजरेतून निसटली तर माणूस ‘क्लोरीन शून्य’ समजून आणखी ओततो.

शेवाळाचा बंदोबस्त स्टॅबिलायझर घालण्याआधी करावा, कारण स्टॅबिलायझर क्लोरीनला उन्हापासून वाचवतो तसा त्याचा मारकपणाही कमी करतो. शिवाय शेवाळ मारण्याचे काम यंत्रावर सोपवू नये; त्याची गती फार मंद असते. सूर्यास्तानंतर पंप चालू ठेवून १० टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे पाच लिटर द्रावण फिल्टरमधून तलावात परत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी सावकाश ओतावे. आपल्या तलावात एका लिटरने २ पीपीएम वाढते, म्हणजे पाच लिटरने १०. कॅन जुना असेल किंवा उन्हात ठेवलेला असेल तर त्यातली ताकद बरीच उतरलेली असते, म्हणून ताजा माल घ्यावा. भिंती आणि कोपरे ब्रशने घासावेत, अर्ध्या तासाने मोजावे, निर्मिती रात्रभर बंद ठेवावी आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मोजावे. रात्री ऊन नसते. तरीही १ पीपीएमपेक्षा जास्त घट झाली तर क्लोरीन खाणारे काहीतरी पाण्यात अजून शिल्लक आहे आणि संध्याकाळी हाच प्रयोग पुन्हा करायचा. रात्रीची घट १ पीपीएमच्या आत आली की शेवाळाचा प्रश्न मिटला. या काळात तलावात कोणीही उतरू नये.

त्यानंतर स्टॅबिलायझर घालावे. शून्यापासून ५० पीपीएमपर्यंत जाण्यासाठी आपल्याला अडीच किलो लागेल. ते फार सावकाश विरघळते, म्हणून तळाशी ओतून देऊ नये. जुन्या पायमोज्यात भरून परतीच्या धारेसमोर टांगावे आणि अधूनमधून हाताने पिळावे. पूर्ण आकडा दिसायला आठवडा लागू शकतो, तोवर ‘कमी पडले’ म्हणून आणखी घालू नये. हे द्रव्य पाण्याबरोबर उडून जात नाही. जास्त झाले तर पाणी उपसण्यावाचून व्यवहार्य इलाज नाही. याच कारणाने ट्रायक्लोर या क्लोरीनच्या गोळ्यांची सवय लावू नये, कारण त्यांतून प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिडही पाण्यात जमा होते. मोकळा क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या निदान पाच टक्के असावा, असा एक व्यवहारी ठोकताळा आहे. आपल्यासाठी तो ३ ते ४ पीपीएम ठेवावा. निर्मिती सुरुवातीला १०० टक्के आणि १० ते १२ तास ठेवून रोज संध्याकाळी मोजावे आणि आकडा स्थिरावल्यावर हळूहळू कमी करावे. एवढे करूनही स्वच्छ पाण्यात क्लोरीन चढलाच नाही, तर मात्र विक्रेत्याला सेल तपासायला सांगावे.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, ती विचारून ठेवतो : मीठ कोणते घातले? पेण-उरणच्या मिठागरांतले जाडे मीठ जवळ आणि स्वस्त मिळते, पण त्यात माती, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम राहिलेले असते. आयोडीन नसलेले, शुद्ध केलेले मीठच घ्यावे.

प्रश्न : मुलाच्या त्वचेला क्लोरीन सोसत नाही. पुण्यात घर बांधताना क्लोरीनऐवजी खाऱ्या पाण्याचा तलाव केला तर चालेल का?

उत्तर : खाऱ्या पाण्याचा तलाव हा क्लोरीनचाच तलाव असतो, फरक एवढाच की क्लोरीन डब्यातून न येता मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागच्या जागी तयार होतो. त्यात मीठ लिटरला तीन-चार ग्रॅम असते, समुद्रात सुमारे ३५ ग्रॅम. अनेकांना हे पाणी मऊ वाटते आणि डोळे कमी चुरचुरतात, हे खरे. परंतु चुरचुर आणि ‘क्लोरीनचा वास’ बहुधा बांधल्या गेलेल्या क्लोरीनमुळे, म्हणजे क्लोरामाइनमुळे येतो आणि तो कोणत्याही तलावात होऊ शकतो. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबण लावून अंघोळ केली तर त्यात पुष्कळ फरक पडतो. त्वचेबाबतचा निर्णय मात्र त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. जून-जुलैत यंत्र ‘मीठ कमी’ दाखवते, मीठ घातले की काही दिवस गप्प बसते आणि पुन्हा तेच. मीठ जाते कुठे?

उत्तर : बहुधा कुठेच जात नाही. मीठ बाष्पीभवनाने उडत नाही. फिल्टर उलटा धुताना, पाणी काठावरून वाहताना किंवा गळतीतूनच ते कमी होते. थंड पाण्यातून वीज कमी वाहते आणि काही यंत्रे त्याचा अर्थ मीठ कमी असा लावतात. आपण दर हिवाळ्यात मीठ वाढवत गेलात तर उन्हाळ्यात पाणी तापल्यावर तेच यंत्र ‘मीठ जास्त’ म्हणून बंद पडेल. पुढचे पोते उघडण्यापूर्वी पाण्याचा नमुना तलाव-साहित्याच्या दुकानात तपासून घ्यावा. तुमच्याकडे ही सोय बहुतेक ठिकाणी असते. हिवाळ्यात ऊन सौम्य आणि शेवाळाची वाढ मंद असल्याने क्लोरीन लागतोही कमी. तेव्हा निर्मिती बंद ठेवून आठवड्यातून एकदा मोजावे आणि गरजेपुरता द्रव क्लोरीन हाताने घालावा. सेलचे आयुष्यही त्याने वाढते.

प्रश्न : आमच्या शेतघराचा तलाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, पाणी बोअरचे. सेलवर पांढरा थर बसतो, पीएच सतत ८च्या पुढे जातो आणि क्लोरीन असूनही पाणी गढूळ राहते. काय करावे?

उत्तर : तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. यंत्र क्लोरीन तयार करते तेव्हा दुसऱ्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, त्यांबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पीएच चढतो. खाऱ्या पाण्याच्या तलावात हे व्हायचेच. आपल्याकडच्या काळ्या खडकातले पाणी बहुतेक वेळा जड असते, त्यामुळे वाढत्या पीएचला त्यातला कॅल्शियम पट्ट्यांवर चुन्यासारखा बसतो आणि थोडा पाण्यात तरंगत राहतो. शिवाय पीएच ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग मारक स्वरूपात असतो, ८ला तो पावावर येतो. स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात हा फरक बराच सौम्य होतो.

पीएच ७.४ ते ७.६ ठेवावा. त्यासाठी रंग किंवा साबण नसलेले साधे हायड्रोक्लोरिक ॲसिड घ्यावे. संडास धुण्याचे रंगीत ॲसिड नको. ५०,००० लिटरला एका वेळी पाव लिटरच घालून, पंप चालू ठेवून, काही तासांनी पुन्हा मोजावे. क्षारता (पीएचमधला बदल रोखून धरणारे पाण्यातले क्षार) ६० ते ८० पीपीएमपर्यंत उतरवली की पीएच चढण्याचा वेग कमी होतो. शक्य असेल तर उन्हाळ्यात तूट भरण्यासाठी पागोळ्यांचे साठवलेले पाणी वापरावे, कारण बोअरचे पाणी ओतत गेल्यास दरवेळी नवा कॅल्शियम येतो आणि जुना उडत नाही.

सेल काढून धुताना वीज पूर्ण बंद करावी, चार भाग पाण्यात एक भाग ॲसिड घालावे, ॲसिडात पाणी कधीही ओतू नये, आणि बुडबुडे थांबले की सेल लगेच बाहेर काढावा. टायटॅनियमच्या पट्ट्यांवर रुथेनियमसारख्या मौल्यवान धातूच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. ॲसिडाने तो झिजतो आणि स्क्रू ड्रायव्हरने खरवडले तर लगेच निघतो. म्हणून थर दिसला तरच धुवावे, ‘दर महिन्याला’ असा नेम करू नये. ॲसिडचा कॅन आणि हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर एकाच कपाटात ठेवू नये, एकच मग दोन्हींसाठी वापरू नये; दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद पंपघरात तो जीवघेणा ठरू शकतो.