वाचक विचारतात: घरी बांधलेला अँप गुणगुणतो

प्रश्न: मी फोंड्याचा. एलएम ३८८६ चिपचा अँप (अ‍ॅम्प्लिफायर) घरीच बांधला, १८-०-१८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर टाकून. अभिषेकीबुवांचा आवाज काय सुंदर येतो, पण गाणं थांबलं की हूंऽऽ चालूच! बायको म्हणते रेडिमेड स्वस्त पडला असता. खरंय का?

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे हो, चिप स्वस्तच असते पण ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा तुकडा) आणि डबा खिसा रिकामा करतात, वर दोनतीन भाग जळणारच, माझे तर जळलेच. पण बिघडलं तर स्वतः उघडून बघता येतं, हे सुख विकत मिळत नाही.

आता हूं. आधी इनपुटची केबल काढून बघा. आवाज गेला तर ग्राउंड लूप, म्हणजे टीव्ही किंवा कॉम्प्युटरशी जोडल्यामुळे ग्राउंडला दोन वाटा मिळून तयार झालेलं वेटोळं. पण तो घालवायला प्लगची अर्थची पिन कापायची नाही हं, जिवाशी खेळ आहे तो! केबल काढूनही हूं राहिला तर आतलं वायरिंग बघा, स्पीकरचा, इनपुटचा आणि सप्लायचा ग्राउंड फिल्टर कपॅसिटरजवळ (सप्लायमधले वीज साठवणारे मोठे डबे) एकाच ठिकाणी आणा, ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून लांब सरकवा, थोडा फिरवूनही बघा. हात घालण्याआधी प्लग काढा आणि कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करा, प्लस आणि मायनस दोन्ही बाजूंना साधारण २५ व्होल्ट साठलेले असतात.

आणि व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, आपल्याकडच्या पावसात कॉन्टॅक्ट खराब होतातच, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.