बांधकाम साइटवर हाताच्या दुखापती टाळायच्या तर कामगारांना कोणते हातमोजे द्यावेत?

हातमोजा खरचटण्यापासून, कापण्यापासून वाचवतो. चेंगरण्यापासून नाही. हे ठेकेदाराच्या गळी आधी उतरवा, मग खरेदीला निघा.

मी रिगर, म्हणजे क्रेनला ओझं बांधणारा कामगार होतो. क्रेनने प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या जिन्याचा तुकडा खाली घेत होतो. तुकडा फिरू नये म्हणून टॅगलाइन, म्हणजे लांबून धरायची दोरी बांधतात. ती त्या दिवशी बांधू दिली नाही, कारण सुपरवायझरला घाई. मग माझा जोडीदार हातानेच तुकडा सरळ करत होता. टेकता टेकता तुकडा जरासा फिरला आणि जोडीदाराचं बोट बीमच्या कडेला सापडलं. हातात चांगला जाड चामडी हातमोजा होता, तो फाटलासुद्धा नाही. आत बोटाचं काय झालंय ते हातमोजा कापल्यावर कळलं. अहवालात आलं : 'कामगाराने हात चुकीच्या जागी ठेवला.' इंजिनिअरशी मी तेव्हा भांडलो, आजही भांडेन. दोरी नाही, ढकलायला लांब काठी नाही, मग हात ठेवायची बरोबर जागा कोणती, ते तरी सांगा!

असो, हातमोजे. पाकिटावर ईएन ३८८ या हातमोज्यांच्या युरोपीय मानकाखाली हातोड्याचं चित्र आणि चार आकडे असतात : घासणं, कापणं, फाटणं, टोचणं. सळया आणि बाइंडिंग वायरच्या कामाला टोचण्याचा, म्हणजे चौथा आकडा बघा. शेवटी 'पी' असेल तर फटक्याची चाचणी झालेली असते. फटक्याची, टनावारी वजनाची नव्हे. काँक्रीटला नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे द्या. ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर, म्हणजे ते तीव्र अल्कली असतं, ते सुती हातमोज्यात मुरतं आणि कातडी जाळतं. सळईला आटे पाडणाऱ्या मशीनवर मात्र हातमोजा काढायलाच लावा, तो बोटासकट आत ओढला जातो. म्हणून 'सगळ्यांना सगळीकडे हातमोजे सक्तीचे' हा फलक मला मान्य नाही.

आणि अपघाताच्या वहीत 'निष्काळजीपणा' लिहिण्याआधी मशीनला गार्ड (संरक्षक झाकण) होता का, दोरी होती का, घाई कोणाची होती ते लिहा. शेजारी काम करणाऱ्याचा जबाब घ्या. माझा कोणी घेतला नाही.

अर्थात हे वाचून हातमोजे देणं बंद करू नका, कापण्याच्या जखमा त्यांनी खरंच कमी होतात. बोट तुटलंच तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि जखमीबरोबरच पाठवा. थेट बर्फात टाकू नका, गोठलेलं बोट जोडता येणं कठीण.