न फाटलेल्या लुगड्याला शिवण कशासाठी?

प्रश्न : ताई, आजेसासूबाईंच्या ट्रंकेत खादीचं एक केशरी नऊवारी सापडलं. कुठेही विरलेलं नाही, तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मधोमध हातशिवण आहे. ही शिवण कशासाठी? स्वातंत्र्याच्या चळवळीत बायकांचं नेसणं खरंच बदललं, की बदलली ती फक्त पुरुषांची टोपी? – एक वाचक, सातारा

उत्तर : लुगडं विरलेलं नाही म्हणता, म्हणजे ही शिवण दंड, म्हणजे विरलेल्या लुगड्याला घालतात तो जोड, नाही. दंड आडवा असतो. विरलेला भाग कापून दोन तुकडे जोडले की पडतो. तुमच्याकडची शिवण उभी आहे. म्हणजे अरुंद पन्ह्याच्या (कापडाच्या रुंदीच्या) दोन पट्ट्या जोडून लुगड्याची रुंदी केलेली आहे. सुरुवातीच्या काळात लुगड्याच्या पन्ह्याची खादी सहज मिळत नसे. चरख्यावरचं सूत कमीजास्त जाडीचं असे आणि मागावर सारखं तुटे. साबरमती आश्रमात विणलेल्या पहिल्या खादीला वारामागे 17 आणे खर्च आला आणि तिचा पन्हा जेमतेम 30 इंच होता, असं गांधीजींनीच लिहून ठेवलं आहे. महिन्याभरात 45 इंच पन्ह्याचं धोतर मिळालं नाही तर आखूडच नेसेन, असं त्यांनी चरखा शोधून देणाऱ्या गंगाबेन मजमुदारांना बजावलं आणि गंगाबेननी ते मिळवून दिलं. पुढे सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईला त्यांनी आपणहून पंचा स्वीकारला.

बाईला ही सोय नव्हती. तिला अंगभर कापड हवंच होतं, म्हणून तिने सुई-दोरा हाती घेतला. चळवळीच्या इतिहासात या शिवणकामाची दखल फारशी घेतली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वजन. मी स्वतः नऊवारी नेसते, म्हणून सांगते : जाड्याभरड्या कापडाच्या निऱ्या बसत नाहीत, कासोट्याचा बोंगा होतो आणि ओचा सारखा सुटतो. माझी मावशी आणि शेजारीण ओल्या खादीची दोन टोकं धरून पीळ घालायच्या. एकटीला ते लुगडं पिळणं शक्यच नव्हतं. मिलचं मऊ पातळ सोडून रोज असं कापड अंगावर वागवायचं, तेही घरच्यांची बोलणी खात, हा निश्चय लहान नव्हता.

1905 च्या स्वदेशीत पुण्याला परदेशी कापडाची होळी झाली, पण तेव्हा मुंबईच्या मिलचं कापडही स्वदेशीच धरलं जाई. त्यामुळे बाईच्या नेसण्यात फारसा फरक पडला नाही. खरा फरक पडला 1920 नंतर. 31 जुलै 1921 ला परळला विलायती कापडाची मोठी होळी झाली आणि खादी घराघरांत पोचू लागली. दादाभाई नौरोजींची नात पेरीनबेन कॅप्टन हिच्यासारख्या सुखवस्तू घरातल्या पारशी बायकांनीही खादी धरली.

1930 मध्ये मुंबईत देशसेविका संघाच्या बायका केशरी साड्या नेसून मूळजी जेठा मार्केटसारख्या कापडबाजारात विलायती मालाच्या दुकानांपुढे पिकेटिंगला, म्हणजे गिऱ्हाइकांना अडवायला, उभ्या राहिल्या. हंसाबेन मेहता त्यांच्या पुढारी होत्या. एरवी साडीवरून, पदरावरून बाई कुठल्या जातीची, कुठल्या प्रांताची, सधवा की विधवा हे लांबून कळायचं. इथे गुजराती, मराठी, पारशी बायका एकाच रंगात, भर रस्त्यात, परक्या पुरुषांसमोर उभ्या होत्या. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हा, आणि टोपीपेक्षा तो कितीतरी अवघड होता.

नऊवारी जाऊन पाच-सहा वारी आली, त्याचं सगळं श्रेय मात्र खादीला देऊ नका. शाळा-कॉलेजं आणि नोकऱ्या हे कारण होतंच. शिवाय दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, 1943 मध्ये सरकारी नियंत्रण आलं आणि वारावाराचा हिशेब सुरू झाला.

तुमच्या आजेसासूबाई देशसेविका होत्या का, हे नुसत्या रंगावरून ठरणार नाही. केशरी रंग घरीही देत असत. 1930 च्या सुमारास त्या मुंबईत होत्या का, अटक झाली होती का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना लवकर विचारून घ्या. लुगडं धुऊ नका, इस्त्री करू नका. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवा, डांबरगोळी कापडाला लागू देऊ नका, आणि अधूनमधून घडी मोडून दुसरीकडून घाला.